कुंदे, मी पुन्हा लाडू विकले

नौपाडा, ठाणे
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय कुंदे,

मार्चपासून तुला पत्र नाही की फोन नाही, हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्यावर दोन पानं खर्ची घालू नकोस. तुझ्या गणपतीच्या फोटोंना मी अंगठा दाखवला होता, म्हणजे जिवंत आहे एवढं तुला कळलं असेल. तब्येत ठीक. गुडघा आहे तिथेच आहे. दिलीपचं बीपी गोळीवर आहे आणि दिलीप टीव्हीवर. झालं.

आता जे सांगायचंय ते फोनवर जमणार नाही. तू मध्येच "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणशील आणि मी फोन ठेवून देईन. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा वाच.

वरच्या मजल्यावरचे आप्पा तीन दिवस दवाखान्यात होते. तेच, माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटांवर नंबर टाकत बसलेले. जिन्यात चक्कर आली, साखर साडेचारशेच्या वर. आता घरी आहेत, ठणठणीत आहेत, आणि काल मला दारात गाठून विचारत होते, "पुढची खेप कधी?" खेप लाडवांची. माझ्या लाडवांची.

डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांपर्यंतचा माझा धंदा तुला माहीत आहे. हा पेकनचा प्रकार नवा. एप्रिलमध्ये खजूर आणायला ट्रान्स हार्बर लोकलने वाशीला गेले होते. मसाला मार्केटमध्ये आपल्या नेहमीच्या गाळ्यावर शेठने हातावर चार दाणे ठेवले, म्हणाले, "ताई, अक्रोडाची बहीण आहे, खाऊन बघा." बहीण म्हणजे खरंच बहीण, एकाच कुळातली. पण स्वभाव वेगळा गं. अक्रोडाच्या सालीचा तो घशाला लागणारा कडवटपणा नाही, मऊ, लोणकढ्या तुपासारखा, आणि मंद आचेवर भाजला की घरभर असा वास सुटतो की शेजारची कुकर बंद करून विचारायला येते. आजवर हे आपल्या बाजारात फारसं का नव्हतं, तर त्यावर १०० टक्के आयात शुल्क होतं. २०२३ साली ते ३० वर आलं. तरी अक्रोडापेक्षा महागच आहे, पण मी दोन किलो उचलले. तुला माहीत आहे मी कशी आहे ते.

घरी आणल्यावर सासूबाईंनी डबा उघडला आणि किंचाळल्या. तपकिरी, चकचकीत, लांबट, पाठीवर पन्हाळ्या. झुरळं वाटली त्यांना. आणि घंटाळीच्या प्रदर्शनात टेबल लावलं तेव्हा एका बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, तशा त्या दोन पावलं मागे सरल्या: "बेकन? लाडवात?" मी शपथेवर सांगितलं की झाडाला लागतं. शेवटी पाटीवर "पेकन (अमेरिकन अक्रोड)" असं लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं. अक्रोड थुंकून टाकणारी पोरं हे मुकाट खातात, त्यामुळे आया खूष. पहिली खेप मात्र मेच्या उकाड्यात बाहेर राहिली आणि खवट झाली. तेल भरपूर, तेही लवकर बिघडणारं. आता फ्रीजरमध्ये ठेवते, मटारांच्या पिशवीखाली.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पुढे ओंकार येतो.

वन्संच्या ओंकारला तू पाहिलं नाहीस मोठा झाल्यावर. "मामी, प्रॉडक्टला गोष्ट लागते," असं बोलतो. त्याने माझ्यासाठी डब्यात घालायचं पत्रक आणि झाकणावरचं लेबल करून दिलं. चार ओळी. एक, हृदयाचा मित्र. दोन, ओमेगा-३ ने परिपूर्ण. तीन, रोज ४२ ग्रॅम पेकन पुरेसे. चार, साखर घातलेली नाही, मधुमेहींनी निश्चिंत खावे.

आता माझा पराक्रम ऐक. दुसरी ओळ मी खोडली. ओमेगा-३ अक्रोडात असतं, १०० ग्रॅमला नऊ ग्रॅमच्या आसपास. पेकनमध्ये जेमतेम एक. त्याने अक्रोडाचं वाचून ह्याच्या नावावर चिकटवलं होतं. पेकनमधलं निम्म्याहून जास्त तेल ऑलिव्हच्या तेलात असतं त्या जातीचं, तेही चांगलंच. मी खोडलं आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू! दोन दिवस मी प्रामाणिक बाई म्हणून घरात वावरत होते. आणि चौथी ओळ राहू दिली. वाचली होती कुंदे. डोळ्यांखालून गेली नाही असं नाही. त्या लाडवाला खजुराने गोडी आणि बांधणी येते, आणि खजुराचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग साखरच असतो, हे मला, किलोकिलोने खजूर कुटणारीला, माहीत नव्हतं असं मी तुला तरी सांगू शकत नाही. "घातलेली नाही" हे खरंच होतं. मी कुठे घातली होती? खजुराने आणली होती.

आप्पा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पत्रक वाचलं आणि मला एक दिवस विचारलं, "एका लाडवात पेकन किती?" मी कौतुकाने सांगितलं, आठ ग्रॅम. त्यांनी भागाकार केला. पाच लाडू म्हणजे चाळीस, दोन ग्रॅम कमी पडतात, तर लाडू जरा मोठे वळता येतील का, असंही विचारून गेले! मी हसले. मला वाटलं थट्टा चाललीये. ते रोज पाच खात होते, सुनेच्या नकळत, कपाटात डबा ठेवून. पाच लाडवांत ऐंशी ग्रॅम खजूर, म्हणजे दहा-बारा चमचे साखर. वर संध्याकाळची गोळी बंद, कारण "लाडवातच औषध आहे." पेकन बिचारा निर्दोष, त्यात १०० ग्रॅमला चौदा ग्रॅम कर्बोदकं, त्यातलेही नऊ-दहा ग्रॅम चोथा.

मला कुणी बोललं नाही, हे सगळ्यात वाईट. सून उलट माफी मागायला आली, "काकू, चोरून खात होते हो." दिलीप म्हणतो, पाच लाडू खाणाऱ्याची चूक. आप्पा स्वतः म्हणतात, "लाडू उत्तम होते, जीभ वाईट." म्हटलं, निदान कुंदा तरी मला धड रागावेल.

तू आत्तापर्यंत मनात १९८४ म्हटलंच असशील. म्हण. आनंदमेळा, आठवी ब, आपला स्टॉल, "बदामाचे पौष्टिक लाडू", आणि आत सगळे शेंगदाणे नि बदामाच्या इसेन्सचे चार थेंब. इसेन्सची बाटली तुझ्या आईच्या कपाटातली होती, हे मात्र मी कधीही विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. बाईंनी बारा घेतले, यजमानांना वैद्यांनी बदाम खायला सांगितलेत म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाल्या, त्यांना फार आवडले गं पोरींनो, अजून कराल का? तू तिथेच रडायला लागलीस. मी तुला चिमटा काढला आणि बाहेर आल्यावर म्हटलं, "दाणे काय विष आहेत?" वार्षिक परीक्षेपर्यंत तू माझ्याशी बोलली नव्हतीस. मी तुझ्या बोटावर दगड मारला तेव्हासुद्धा तू चारच दिवस रुसली होतीस.

दगडावरून आठवलं. आप्पा दवाखान्यात होते त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर हे पेकन प्रकरण वाचत बसले. पेकन हा शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, अर्थ काय, तर फोडायला दगड लागतो असं फळ. मला एकदम शाळेमागचा देशी बदाम आठवला, ती लाल पिकलेली फळं, बोटं तांबडी, आणि आतला तो नखाएवढा पांढरा गर, त्यासाठी तुझं बोट. नख अजून वाकडं आहे का गं?

आणखी एक वाचलं. ह्या झाडाची चांगली जात टिकवायची तर कलम करावं लागतं, आणि ते जमत नव्हतं. अमेरिकेतल्या लुईझियानात एका मळ्यावर अँटवान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७ च्या सुमाराला ते करून दाखवलं. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात त्या झाडांच्या पेकनना बक्षीस मिळालं आणि जातीला नाव पडलं सेंटेनियल. शताब्दीचं नाव दिलं. त्या माळ्याचं नुसतं अँटवान एवढंच उरलंय, आडनावसुद्धा नाही. लेबलं लिहिणारे सगळीकडे ओंकारच, असं रात्री दोन वाजता मला वाटलं. सकाळी वाटलं, ओंकारवर कशाला ढकलतेस बाई.

बरं, ४२ ग्रॅम त्याने हवेतून काढले नव्हते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २००३ साली दीड औंसाचं, म्हणजे ४२ ग्रॅमचं, एक वाक्य लेबलावर छापायला परवानगी दिली होती. पण ते वाक्य कसं आहे बघ: पुरावा असं सुचवतो, पण सिद्ध करत नाही, की संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहारात रोज एवढा सुकामेवा खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. ओंकारने "सिद्ध करत नाही" उडवलं, "होऊ शकतो" उडवलं, आहार उडवला. माझ्या लाडवातलं तूपही त्या आहारात बसत नाही. आणि त्या यादीत कोण कोण आहे? बदाम, अक्रोड, पिस्ता, पेकन... आणि शेंगदाणा! कुंदे, शेंगदाणा! मी अर्ध्या रात्री मोठ्याने हसले, दिलीप उठून बसला. बाईंच्या यजमानांना आपण काही वाईट खाऊ घातलं नव्हतं. नाव तेवढं खोटं होतं.

आता खरी अडचण. ऐरोलीच्या एका कंपनीने दिवाळीसाठी तीनशे डबे सांगितलेत. आगाऊ रक्कम आली, त्यातून नंदूच्या फीचा हप्ता गेलासुद्धा. त्यांना लेबल हवंय ते ओंकारचंच, मधुमेहाच्या ओळीसकट. म्हणे यंदाची भेट "आरोग्यदायी" आहे. छापखानेवाला शुक्रवारपर्यंत थांबलाय. ओंकार म्हणतो, मामी, ३०० डब्यांना कोण विचारतंय. विचारतं की. खाण्याच्या जिनसांवरच्या दाव्यांना एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा खात्याचे, २०१८ चे नियम आहेत, आणि माझ्याकडे त्यांचाच नोंदणी क्रमांक आहे. पण नियम नसता तरी आप्पा वरच राहतात. रोज जिन्यात भेटतात.

मी स्वतः एक लेबल लिहून पाहिलं. खजूर इतका, तूप इतकं, मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारा, सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असल्यास खाऊ नका, दिवसाला एकच. दिलीपने वाचलं, म्हणाला, "हे लाडू आहेत की विड्या?" त्याचंही बरोबर आहे. लाडू कुणी इशारा वाचून खात नाही. मला असं काहीतरी हवंय की माणसाला खावासा वाटेल आणि आप्पांना भागाकार सुचणार नाही. तू तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंस, चार ओळींत लिहून दे. कंपनी नको म्हणाली तर आगाऊ रक्कम परत कशी करायची ते मी बघेन, पाटल्या आहेत.

आणि एक. तू तेव्हा बाईंना नंतर जाऊन सांगितलं होतंस का? वार्षिक परीक्षेनंतर तू एकाएकी माझ्याशी बोलायला लागलीस, ते का, हे मी कधीच विचारलं नाही. मला वाटायचं, विरघळली. आता तसं वाटत नाही.

तुझं कसं चाललंय? यंदा पुराच्या बाबतीत वाशिष्ठी नदीने दया केली ना? श्रुतीचं बाळ बसायला लागलं असेल. सासूबाईंच्या डोळ्याचं झालं का? भावोजींना नमस्कार. सविस्तर लिही, माझ्यासारखं करू नकोस.

शुक्रवारच्या आत लेबल कळव. त्यासाठी फोन केलास तरी चालेल. मध्ये बोललीस तरी.

तुझी,
शुभा

ता. क. सोबत पाव किलो पेकन पाठवतेय, नुसते, लाडू नाहीत. आल्या आल्या फ्रीजरमध्ये टाक. दिवसाला मूठभर पुरे, वीस अर्धे म्हणजे २८ ग्रॅम, जवळजवळ दोनशे कॅलरी. आणि डबा उघडण्याआधी सासूबाईंना सांग, झुरळं नाहीत म्हणून.