सिस्टर, तुम्ही आधी हात चोळलेत

प्रिय सिस्टर,

मागच्या गुरुवारी मी नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात आले होते. ड्रेसिंगच्या खोलीत तुमच्या स्टुलावर दुसरीच मुलगी बसलेली. विचारलं तर म्हणाली, त्यांना सरकारी नोकरी लागली, दिवाळीनंतर गेल्या. कुठे गेल्या ते तिला नीट सांगता आलं नाही, आणि तुमचा नंबर मागणं मला बरं वाटलं नाही. घरी येईस्तोवर ऑटोत डोळे पुसत होते. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. दर खेपेला वाटायचं, पुढच्या वेळी बोलू. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहून राहिले आहे. कोणी ना कोणी तुम्हाला दाखवेल.

तुमच्याकडे रोज इतकी माणसं येतात, त्यात मी आठवेन की नाही कोण जाणे. साडेअकराची वेळ असायची माझी. गेल्या जानेवारीत पहिल्यांदा आले तेव्हा स्वेटर, त्यावर शाल आणि मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते. थंडी होतीच, पण पर्स पोट झाकायला होती.

मी 104 किलोंची होते. अडीच वर्षं रोज पहाटे अंबाझरीला चालले, ताटातला भात कमी केला, आणि 67 वर आले. सगळ्यांनी कौतुक केलं. कपड्यांच्या आत काय उरलं होतं ते मात्र मलाच माहीत. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. घडीत घाम साचायचा, लाल व्हायचं, चिघळायचं, चालताना चरचर व्हायची. शाळेत फळ्याकडे वळले की हात आपोआप कुर्ता ओढायला जायचा. त्यातून सुटायचं होतं मला. याला लोक हौस म्हणतात. म्हणोत.

ज्या क्लिनिकमध्ये मी आधी गेले, त्याचं नाव इथे घेत नाही. तिथल्या कौन्सिलर मॅडम पैसे भरेपर्यंत दिवसातून दोनदा फोन करायच्या. जेवलात का, असं विचारायच्या. लिपो, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, आणि सोबत छोटासा टमी टक, म्हणजे पोटाची जादा कातडी कापून टाके घालणं, असं पॅकेज होतं, हप्त्यांचीही सोय होती. कंबर 28 होईल म्हणाल्या. लिपोने चरबी निघते, पण एकदा इतकी ताणलेली कातडी त्याने आकसून बसत नाही, हे कोणी सांगितलं नाही. दोन बाळंतपणांत माझे पोटाचे मधले स्नायू फाकले होते. ते शिवून जवळ आणायला हवे होते, तेही कोणी पाहिलं नाही. हे सगळं मला तुमच्या डॉक्टरांकडे आल्यावर कळलं, फार उशिरा.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. मार्च-एप्रिलच्या उन्हात सहा आठवडे तो घट्ट पट्टा घालून कूलरसमोर बसून काढले. पट्टा निघाला तेव्हा आरशात जे दिसलं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. बेंबी एका बाजूला ओढलेली. टाक्यांची रेघ डावीकडे वर चढलेली, दोन्ही टोकांना कातडीचे फुगवटे. वरच्या भागात बोटं रुततील असे खळगे. आणि बेंबीखाली हात लावला तर काही कळतच नव्हतं, दुसऱ्याच कोणाची जागा असल्यासारखं.

तिसऱ्या महिन्यात त्या क्लिनिकवाले म्हणाले, सूज आहे, धीर धरा. हे खरंही असतं, सूज उतरायला महिने लागतात, म्हणून मी धीर धरला. सहाव्या महिन्यात म्हणाले, तुमची स्किनच तशी. नवव्या महिन्यात सांगितलं, दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतील. त्याच कौन्सिलर मॅडम आता फोन उचलत नव्हत्या. मला राग ऑपरेशन फसल्याचा तितका नाही, सिस्टर. शरीर आहे, कधी कधी फसतं, हे मी समजू शकते. पण फसल्यावर माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही, याचा राग अजून जात नाही.

घरात तर बोलायची सोय नव्हती. मिस्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडून एकदा निघून गेलंच, "कोणी सांगितलं होतं करायला?" जावेने तर चारचौघांत विचारलं, किती लाख गेले? आजारपण असतं तर डबे आले असते, विचारपूस झाली असती. आपण होऊन पैसे मोजून करून घेतलेल्या गोष्टीचं दुःख सांगायचं कोणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अकरा महिने मी दिवा मालवून कपडे बदलत होते.

असं सगळं घेऊन मी तुमच्या खोलीत आले.

तुम्ही पडदा ओढलात, मला टेबलावर झोपवलंत आणि पायांवर चादर टाकलीत. मी सवयीने कुर्ता वर केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीवर औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. मी तारखा वाचत पडले होते, हात कधी लागतो याची वाट पाहत. हात लागलाच नाही. नुसता आवाज येत होता, कोरडे तळवे एकमेकांवर घासल्याचा. वळून पाहिलं तर तुम्ही स्टुलावर बसून हात चोळत होता.

"थांबा ताई थोडं, माहे हात लय थंडे हायेत."

चोळून झाल्यावर तुम्ही तळवा स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलात, बाळाचं दूध पाहतात तसा. पुन्हा चोळलेत. आणि मग विचारलंत, "आता लावू का हात?"

सिस्टर, त्या आधीच्या ठिकाणी मला चौघांसमोर उभं केलं होतं. गार मार्करने पोटावर रेघा ओढल्या, फोटो काढले, आणि माझ्या डोक्यावरून आपसात बोलत राहिले. मी तिथे आहे याची आठवण त्यांना सही घेताना झाली. त्यानंतर तपासायला जे जे आले त्यांनी पोट असं दाबून पाहिलं जसं बाजारात फणस दाबतात. लावू का, असं मला कोणीच विचारलं नव्हतं. आणि माझ्या तरी कुठे लक्षात आलं होतं, की असं विचारायचं असतं?

मला हो म्हणता येईना. नुसती मान हलवली. तुम्ही घाई केली नाहीत. हात ठेवलात तो ऊन होता, आणि ठेवून तसाच राहू दिलात. खळग्यांकडे पाहून चेहरा वाकडा केला नाहीत, चुकचुकला नाहीत. मग माझा उजवा हात धरून तिथेच टेकवलात. मी काढून घ्यायला गेले तर म्हणालात, "तुमचंच पोट हाये ना ताई? मंग परक्यासारखं काहून करता?"

मी रडले. तुम्ही गप्प बसून राहिलात. बाहेर पेशंट खोळंबले होते, मावशी दोनदा डोकावून गेली, तरी तुम्ही उठला नाहीत. रडू ओसरल्यावर दोन बोटांनी रेघेवरून क्रीम कसं फिरवायचं ते शिकवलंत. गोल गोल, दमाने, दाब किती द्यायचा तो माझ्याच बोटांवर बोटं ठेवून.

पुढचं थोडक्यात सांगते. जुन्या ऑपरेशनची फाईल मागा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, हे तुम्हीच सांगितलंत. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, हे मला वयाच्या 45व्या वर्षी पहिल्यांदा कळलं. तोवर मी "साहेब बाहेरगावी आहेत" ऐकत बसले होते. पोच हातात पडली आणि तिसऱ्या दिवशी फाईल मिळाली. तुमच्या डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली. वर्ष होऊ द्या, व्रण मऊ होऊ द्या, मगच हात लावू म्हणाले. टोकांचे फुगवटे जागा बधिर करून काढता येतील, खळगे थोडेफार भरता येतील, बेंबी पहिल्यासारखी होणार नाही, असं सरळ सांगितलं. पहिल्या ठिकाणी मला सगळं होईल म्हणाले होते. इथलं "होणार नाही" ऐकून मी त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

अजून एक माणूस आठवतो. पहिल्या ऑपरेशननंतर घरी नेणारा ऑटोवाला. आमच्या रस्त्यावर दर पन्नास पावलांना ब्रेकर आहे. एका हाताने मी पोट धरलेलं पाहून तो काही न विचारता प्रत्येक ब्रेकरला ऑटो जवळजवळ थांबवून, तिरपी काढून नेत होता. मागून हॉर्न वाजत होते. त्याने एकदाही मागे वळून "काय झालं" विचारलं नाही. तो आणि तुम्ही, दोघांना कोणत्याही कोर्सात हे शिकवलं नसणार. ज्यांच्याकडे भिंतभर सर्टिफिकेटं होती त्यांना हे जमलं नाही. पुष्कळदा वाटतं, हे गाव अशा माणसांच्या जिवावर चाललंय, आणि आपण त्यांची नावंसुद्धा विचारून ठेवत नाही. तुमचंही पूर्ण नाव मला माहीत नाही. सगळे सिस्टर म्हणायचे, मीही तेच म्हटलं.

तुम्ही जिथे असाल तिथे पेशंटांची रांग इथल्यापेक्षा मोठी असेल, आणि खोलीला पडदाही असेल-नसेल. काटोलकडची मृगाची संत्री निघाली की तुमच्यासाठी पेटी आणायचं मी ठरवून ठेवलं होतं. पत्ता कळला तर अजूनही पाठवीन.

आता तुम्ही विचारलं असतं ते सांगते. फुगवटे काढले, दोन्ही बाजूंचे टाके छान भरले. खळगे राहू दिले, त्यासाठी पुन्हा टेबलावर जायची माझी इच्छा नाही. बेंबी वाकडी ती वाकडीच आहे. क्रीमची तिसरी ट्यूब चालू आहे. रोज रात्री पाच मिनिटं, दिवा लावून. उजवीकडे बेंबीखाली अजून काही कळत नाही. डावीकडे मात्र परवा आंघोळीला बसले तेव्हा पाणी गार असल्याचं कळलं.

तुमची,
साडेअकराची पेशंट