आईच्या निधनवार्तेत न मावलेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईच्या निधनाची बातमी आपल्या दैनिकाने गेल्या महिन्यात छापली, त्याबद्दल कुटुंबीयांच्या वतीने आभारी आहे. ‘समुद्रपूर तालुक्यातील ख्रिस्ती समाजाच्या ज्येष्ठ महिला’ असा तिचा उल्लेख त्यात होता आणि मागे मुले, सुना, नातवंडे असा परिवार असल्याचे नमूद होते. तेवढ्या जागेत याहून अधिक येणे शक्य नव्हते, हे मी जाणतो. परंतु ज्या गावात ती सून म्हणून आली आणि ज्या गावच्या मातीत तिला ठेवले, त्या गावाने तिला केवळ एका समाजाची बाई म्हणून कधीच ओळखले नाही, म्हणून हे पत्र.

आईचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. आपल्या भागात स्कॉटिश मिशनचे काम स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात सुरू केले आणि १८६३ च्या सप्टेंबरात बुटीबोरीजवळच्या टाकळघाटहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज पुढे १८८३ मध्ये त्यांच्याच नावाने निघाले. एसटी बुटीबोरीजवळ आली की आई ही हकिकत नातवंडांना न चुकता सांगे, पण तिचा रोख साहेबाच्या थोरवीवर नसे. “परमुलखातला मानूस आपल्या नाल्यात गेला बाबू, त्याच्या शाळेपायी तुही पणजी वाचाले शिकली,” एवढ्यावर ती थांबे.

तिची भक्ती पूर्णपणे मराठी होती. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर ख्रिस्ताची उपासना अभंगांत, ओव्यांत आणि कीर्तनात आणली. ते त्याआधी काही काळ नागपुरात राहिले होते आणि राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता, याचे आईला मोठे अप्रूप होते. त्यांची भजने ती पहाटे सडा टाकताना म्हणे, आणि शेजारच्या काकूंना ती आपल्याच घरची वाटत. गावात दिवेलागणीला तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होई, त्याच सुमारास आमच्या ओसरीवर आईची प्रार्थना चाले. नाताळच्या भजनांना सेवा मंडळातली पोरे खंजिरी घेऊन येत. त्यांना बोलावणे धाडावे लागत नसे.

लग्नाआधी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. वर्धा जिल्ह्यात त्या काळी कुष्ठरोग फार होता. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी उभे केलेले काम सर्वांना ठाऊक आहे, पण खेड्यापाड्यांतून जे रुग्ण घरच्यांनी गोठ्यात किंवा शेतातल्या झोपडीत ठेवले होते, त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत कोणी पोहोचत नव्हते. असे काहीजण संध्याकाळी आमच्या मागच्या दारी येत. बधिर पायात काटा रुतला किंवा निखारा लागला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. आई त्यांना पाटावर बसवी आणि घमेल्यात पाणी घेई. पाणी कढत आहे की कोमट, हे रुग्णाला समजत नसल्यामुळे ती आधी स्वतःचे कोपर त्यात बुडवून पाही. पाय चांगले भिजले की कडक झालेली कातडी घासण्याच्या दगडाने हलके हलके काढी आणि पाय ओले असतानाच गोडेतेल चोळी, कारण कोरड्या पायाला लावलेले तेल ओलावा धरून ठेवत नाही. मग कंदील जवळ ओढून बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासी. जखम असेल तर वडिलांच्या जुन्या, उकळून वाळवलेल्या धोतराची पट्टी बांधी आणि दवाखान्यात जाण्याचा दिवस ठरवून देई. बहुविध औषधोपचार, म्हणजे कुष्ठरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत, गावोगाव पोहोचल्यावर हे रुग्ण कमी होत गेले, तरी जुन्या रुग्णांच्या पायांची बधिरता गेली नव्हती, म्हणून घमेले बाहेर निघतच राहिले.

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवी आणि रोजच्यासारखी मागच्या दारी जाई. त्या दिवशी ती वेगळे असे काही करीत नसे.

यातल्या एकाही माणसाजवळ तिने धर्मांतराची गोष्ट काढली नाही. ज्याने ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटले, त्याच्यासाठी तिने डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना केली. अशा सेवेमागे हेतू असतो, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. माझ्या आईविषयी तसे बोलणे अन्यायाचे आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. तिला ठेवले त्या दिवशी खड्डा खणायला सर्वांत आधी कुदळ घेऊन आला, तो अशाच एका रुग्णाचा मुलगा होता.

ती कडकही होती. ऐन वेचणीत, कापूस बोंडांतून लोंबत असतानाही रविवारी शेतात पाऊल टाकणार नाही, आणि वेचणीच्या मजुरीतला देवाच्या नावाचा दशांश काढल्याशिवाय किराणा भरणार नाही, हे तिचे नियम होते. ओढाताणीच्या वर्षी ते घराला जड जात, हे लपवण्याचे कारण नाही. मुलींच्या शिक्षणाबाबतही ती तितकीच हटून बसे. आमच्या घरातल्या सर्व नाती तिच्या मांडीवर बसून, शाळेत नाव घालण्याआधीच, मोठ्या अक्षरांतले शुभवर्तमान वाचायला शिकल्या. त्यांतली एक आज परिचारिका आहे.

शेवटी एक विनंती. ज्या बायकांना भजनांचे पुस्तक विकत घेणे परवडत नसे, त्यांच्यासाठी आई शंभर पानी वहीत स्वतःच्या हाताने भजने उतरवून देई. वहीच्या मागच्या पानांवर पायांची निगा कशी राखावी, हेही लिहून ठेवी. अशा वह्या समुद्रपूर आणि हिंगणघाट तालुक्यांतल्या अनेक घरांत गेल्या, काही ख्रिस्ती घरांत आणि बऱ्याच इतर घरांत. आमच्याकडे त्यांपैकी एकच उरली आहे आणि तिचीही शिवण उसवली आहे. माझ्या मुलीने या वह्या एकत्र करण्याचे मनावर घेतले आहे. कोणा वाचकाकडे अशी वही असल्यास त्यांनी आपल्या वार्ताहरांमार्फत निरोप द्यावा. मूळ वही आम्हाला नको. मुलगी घरी येऊन झेरॉक्सपुरती नेईल आणि त्याच दिवशी परत आणून देईल.

आपला नम्र,
एक वाचक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा