कन्व्हेयन्सची तारीखही छापा

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या घरखरेदीविषयक पुरवणीत बुकिंगपासून ताब्यापर्यंतच्या टप्प्यांचा तक्ता वाचला. कर्जमंजुरी, करारनामा, मुद्रांक शुल्क, नोंदणी, हप्ते, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), ताबा हा क्रम बरोबर आहे. पण तक्ता ताब्यापाशी संपतो आणि नेमके तिथेच असंख्य सोसायट्यांचे घोडे अडलेले आहे. जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होईपर्यंत घरखरेदी पुरी होत नाही. कन्व्हेयन्सचा, म्हणजे ही मालकी सोसायटीला देणाऱ्या दस्ताचा, टप्पा त्या तक्त्यात यायला हवा होता.

आमची डोंबिवली पूर्वेला २४ सदनिकांची सोसायटी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिची सचिव आहे. ताबा मिळाला २००५ साली, सोसायटीची नोंदणी २००७ साली. त्या वेळी सदनिकांच्या मालकीविषयीचा १९६३ चा मोफा कायदा लागू होता. करारात वेगळी मुदत नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत विकासकाने कन्व्हेयन्स करून द्यावे, असे त्याचे नियम सांगतात. आमच्या जागेच्या मिळकत पत्रिकेवर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) सोसायटीचे नाव लागले २०२३ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत मालमत्ता कर आम्ही भरला, गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, लिफ्ट बदलली. जमीन मात्र कागदोपत्री मूळ शेतकरी कुटुंबाचीच राहिली. पुनर्विकासाची चौकशी करायला गेलो की पहिला प्रश्न यायचा, ‘कन्व्हेयन्स झालंय का?’ आणि बोलणे तिथेच थांबायचे.

हे का होते ते पैशांच्या वेळापत्रकात दिसते. राज्याच्या २०१७ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) नियमांसोबत नमुना करारनामा दिलेला आहे. त्यानुसार करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५, सर्व स्लॅब टाकून झाल्यावर ७० आणि लिफ्ट, पंप, वीज वगैरे झाल्यावर ९५ टक्क्यांपर्यंत रक्कम विकासकाला घेता येते. उरलेले पाच टक्के ताब्याच्या वेळी द्यायचे असतात. म्हणजे ताब्यानंतर ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही, आणि कन्व्हेयन्स न केल्याने विकासकाचे काही अडत नाही. उलट उद्या चटईक्षेत्र वाढले तर त्यावर हक्क सांगायला तो मोकळा राहतो. आपला हप्ता चुकला की व्याज लागते, बँकेचा ईएमआय ठरल्या तारखेला खात्यातून जातो. मी आयुष्यभर बँकेच्या टेबलामागे बसून हे पाहिले आहे. तारखा पाळण्याची सक्ती ज्याच्यावर असते त्याचेच काम वेळेवर होते.

रेरा आल्यावर हे बदलेल अशी आशा होती. कायद्याचे कलम १७ ओसीनंतर तीन महिन्यांत कन्व्हेयन्स करायला सांगते. पण गेल्या वर्षी माझ्या भाचीने कल्याणच्या एका मोठ्या संकुलात घर घेतले, तेव्हा तिचा करारनामा मी ओळ न् ओळ वाचला. संकुलातील शेवटच्या इमारतीला ओसी मिळाल्यानंतर जमीन महासंघाच्या, म्हणजे संकुलातील सर्व सोसायट्यांच्या एकत्रित संस्थेच्या, नावे होईल, असे त्यात लिहिले आहे, आणि राज्याच्या नियमांत ते बसते. तिची इमारत जवळजवळ तयार आहे. शेवटच्या दोन इमारतींचा पायाही खोदलेला नाही. मग ही मुदत कोणत्या वर्षी सुरू होणार? तिने विक्री कार्यालयात विचारले तर उत्तर मिळाले, ‘मॅडम, ते नंतर होतंच.’

ते आपोआप होत नाही, हे आमच्या सोसायटीला पुरते कळले आहे. विकासक दाद देईना, तेव्हा आम्ही सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज केला, म्हणजे विकासकाच्या सहीवाचून कन्व्हेयन्स करून घेण्याचे प्रमाणपत्र मागितले. ही सोय मोफा कायद्यातच आहे आणि ज्यांचे विकासक टाळाटाळ करतात त्या प्रत्येक सोसायटीने तिचा उपयोग करावा, असे मी आग्रहाने सांगेन. सगळ्यात दमवणारे काम कागद जमवण्याचे. प्रत्येक सदनिकेचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) लागतो. कोणाचा मूळ करार बँकेत तारण होता, कोणी घर विकून पुण्याला गेलेले, एका सभासदाचे निधन होऊन वारसांत वाद सुरू होता. जमिनीचे मूळ मालक वारले होते. त्यांच्या वारसांचे पत्ते शोधून सर्वांना नोटिसा पोहोचवाव्या लागल्या. प्रमाणपत्र हाती आल्यावरही मुद्रांक शुल्काचे अभिनिर्णयन (किती शुल्क लागेल हे अधिकाऱ्याकडून ठरवून घेणे), दस्त नोंदणी आणि शेवटी भूमी अभिलेखात नाव लावणे, ही कामे उरतातच. प्रमाणपत्र फाइलला लावून निश्चिंत झालेल्या सोसायट्या मी आमच्या गल्लीतच पाहिल्या आहेत.

हीच कागदपत्रे ताब्याच्या वर्षी एका आठवड्यात गोळा झाली असती. तेव्हा सगळे सभासद तिथेच होते, जमीनमालक हयात होते.

राज्य सरकार आणि महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे माझी मागणी अशी. शेवटच्या हप्त्यातला काही भाग कन्व्हेयन्सचा दस्त नोंदला जाईपर्यंत प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात अडकवून ठेवावा. प्रकल्पासाठी वेगळे खाते रेरा कायद्याने आधीच बंधनकारक आहे, त्यामुळे नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मोठ्या संकुलांत शेवटच्या इमारतीची वाट पाहायची असेल, तर तिची कमाल मुदत वर्ष घालून करारात लिहायला लावावी.

आणि आपल्याला विनंती, पुढच्या पुरवणीत तो तक्ता पुन्हा छापावा. त्यात ताब्याच्या खाली सोसायटी नोंदणी, कन्व्हेयन्स आणि मिळकत पत्रिकेवर नाव हे तीन टप्पे मुदतींसह द्यावेत, सोबत डीम्ड कन्व्हेयन्सला लागणाऱ्या कागदपत्रांची यादीही द्यावी. बुकिंगचा धनादेश लिहायच्या आधीच तो तक्ता लोकांच्या हाती असायला हवा.

— एका गृहनिर्माण संस्थेची सचिव, डोंबिवली (पूर्व)