इको करणाऱ्या मॅडमना

मॅडम, सा. न. वि. वि.

बाबांच्या छातीत तीन वायरींचं पेसमेकर मशीन (हृदयाच्या भिंती एकदम आकुंचन पावाव्यात म्हणून बसवतात ते) बसून सहा महिने झाले. पेढे डॉक्टरांना दिले, कॅथलॅबमधल्या पोरांना दिले, लिफ्टमनलाही दिले. तुमच्या खोलीपर्यंत डबा पोचलाच नाही, म्हणून हे पत्र.

आधी माफी मागतो, मशीन बसायच्या आधीच्या इकोच्या दिवसाची. बाहेर बाकावर गर्दी आणि तुम्ही बाबांना पाऊण तास डाव्या कुशीवर झोपवून ठेवलेलं. ‘पंपिंग 24 टक्के, एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूला करंट उशिरा पोचतो ते), सगळं जुन्या रिपोर्टात आहे, आता काय बघताय?’ मी दारातूनच आवाज चढवला. तुम्ही ‘काका, श्वास सोडा... आता धरा’ म्हणत राहिलात आणि मला स्क्रीनजवळ बोलावलंत.

करड्या चित्रातले बारीक ठिपके कॉम्प्युटर पकडतो, ठोक्यागणिक कोणता किती सरकला ते बघतो आणि हृदयाच्या भिंतीच्या सहा भागांच्या सहा रंगीत रेघा काढतो, हे तिथे कळलं. ‘आरतीत टाळ्या एकदम पडायला हव्यात ना? हा हिरवा बघा, सगळे थांबल्यावर वाजवतोय.’ ती डावीकडची भिंत. निळी रेघ मात्र जवळपास सपाट, जुन्या अटॅकची जागा. तिथे मशीनची वायर टेकवली तर मेलेल्या स्नायूला करंट देऊन काय उपयोग, असं तुम्ही म्हणालात आणि खात्रीसाठी एमआरआय सुचवलात. वाढलं बिल, मी मनात म्हटलं. डाय दिल्यावर डाग पांढरा उठून दिसला, बरोब्बर निळ्या रेघेच्या जागी.

डाव्या बाजूला करंट देणारी ही तिसरी वायर हृदयाच्या शिरेतूनच न्यायची असते, त्यामुळे शीर नेईल तिथेच ती जाते. शिरांचं चित्र घेतलं तेव्हा सोपी, रुंद शीर नेमकी डागाकडे उतरत होती. ‘मॅडमचा कागद नसता तर तिथेच घातली असती,’ असं डॉक्टर स्वतः म्हणाले. बाजूच्या वाकड्या शिरेत घालायला तासभर जास्त गेला. दुसऱ्या दिवशी ठोक्यागणिक बाबांचं पोट उचकीसारखं उडायला लागलं, तेव्हा माझीच पाचावर धारण बसली. श्वासपटलाची नस तिथून जवळच जाते म्हणे. वायरीला करंट सोडायच्या चार जागा असतात. बाहेरूनच, प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर दुसरी जागा निवडली आणि पोट गप्प झालं.

मशीन बसवूनही साधारण तिघांतल्या एकाला म्हणावा तसा फरक पडत नाही, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. बाबा त्यातच जमा व्हायचे होते का, कोण जाणे. परवाच्या इकोत पंपिंग 37 आलं. तीन उशा लावून झोपणारा माणूस आता दांडिया बाजारातून खंडेराव मार्केटला भाजीला चालत जातो. येताना गुपचूप सेव-उसळ खातो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घालू नका.

पुढच्या तपासणीला डबा आधी तुमच्या दारात.

आपला,
डाव्या कुशीवरच्या काकांचा मुलगा, वडोदरा