ऑकलंड किती लांब आहे

आई-बाबा,

न्यूझीलंडला, ऑकलंडच्या नोकरीच्या कागदावर मी सही केली. फोनवर आईचा आवाज बसला म्हणून पुढचं बोललोच नाही, आणि बाबा, तुमचं एकच, काही झालं तर पोचायला किती वेळ लागेल.

तर तिकिटावरच्या वेळा वजा करून तुम्ही २६ तास काढलेत ना, तेवढे नाहीत. तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास असतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात, ते साडेसात काढले की साडेअठरा राहतात. मुंबई-सिंगापूर साधारण ३,९०० किमी, साडेपाच तास, मग तीनेक तास एअरपोर्टवर बसायचं, आणि पुढे ८,४०० किमी, दहा तास. कुठेही न थांबता सरळ गेलं तरी अंतर १२,३०० किमीच्या आसपासच भरतं, म्हणजे सिंगापूरमुळे वाट वाकडी होतच नाही. पटत नसेल तर तुम्ही मला आणलेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढा आणि मुंबई ते ऑकलंड दोरा ताणून बघा, बोट धरून शिकवलं होतंत तसं, सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, तिथे फसायला होतं.

तिकडून येताना वारा समोरचा, म्हणून विमानाला तासभर जास्तच लागतो, एकूण वीसेक तास. पण घड्याळ आपल्या बाजूने असतं, उन्हाळ्यात दुपारी बाराला निघालो तर मुंबईत त्याच रात्री साडेबाराच्या सुमारास उतरेन आणि सकाळी साताऱ्याला. तिकीट लगेच मिळेलच असं नाही, म्हणून दीड-दोन दिवस धरा. बेंगळुरूहून एका रात्रीत यायचो हे खरं आहे, पण रजा कुठे मिळायची? तिथे कायद्यानेच वर्षाला चार आठवडे पगारी रजा आहे, ती सगळी तुमचीच.

आई, तू रडू नकोस गं. स्वयंपाकाला ताई दोन्ही वेळ येतील, बाथरूममध्ये दांडा बसवून घेतोय, गिझरही बदलतोय, आणि तुझ्या संध्याकाळच्या चहाला माझे रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतील, तेव्हा रोज फोन करेनच, मला तसंही तुझ्याशी बोलल्याशिवाय झोप कुठे लागते.

आता ऐका. पासपोर्ट रिन्यू करायला टाका, या महिन्यातच. बाबा, शुगर वहीत लिहायची, मनात नाही. याल तेव्हा दोन्हीकडे व्हीलचेअर बुक करणार आहे, नको म्हणायचं नाही, आईच्या गुडघ्यांना सिंगापूरचं चालणं झेपणार नाही. सीट मधल्या वाटेच्या कडेची, दर दोन तासांनी उठून चालायचं, औषधं हातातल्या बॅगेत. आणि आई, मध अजिबात घ्यायचा नाही, बाकी खाण्याचं जे काही आणशील ते उतरताना फॉर्ममध्ये लिहावंच लागतं, नाहीतर दंड होतो. लाडू-चिवड्याचं मी विचारून कळवतो, तोवर डबे भरू नकोस.

तुमचा,
बाळू