बॅटरी धरणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. तुमच्या-आमच्या घरात गाडीने जेमतेम बारा मिनिटांचं अंतर. पण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणणार, काकू चहा टाकणार आणि विषय तिथेच मिटणार. दोनदा तसं झालंय. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

मंगळवारी माझी गाडी तपासणीत पास झाली. केंद्राच्या फाटकातूनच तुम्हाला फोन लावला, पण "झाली, काका" याच्यापुढे शब्द फुटेना. पलीकडे तुम्हीही गप्प होतात. मग म्हणालात, "सावकाश ये घरी." घरी आल्यावर गॅरेजचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ तिच्याजवळ नुसता बसून राहिलो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीतल्या माझ्या एका गाडीपुरत्या गॅरेजमध्ये मी तीन हिवाळे एक गाडी बांधत होतो. १९९७ ची माझ्दा एमएक्स-५ घेतली होती, दाराखालच्या पट्ट्या गंजून पार खाल्लेली. तिचं १.८ लिटरचं इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल काढून नव्या चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यात बसवलं. दिसायला ती लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या घराण्यातली. लांब नाक, उघडी पुढची चाकं, दोन माणसांपुरती जागा, दारं नाहीत. सुटे भाग आणून घरी गाडी उभी करण्याची इथे जुनी रीत आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी केंद्रात तिची एकटीची तपासणी होते. आयव्हीए म्हणतात तिला. २००९ पासून मोटारींना ती लागू आहे. त्याआधीही अशी तपासणी होतीच, फक्त नाव वेगळं होतं.

त्या तपासणीत मी पहिल्यांदा नापास झालो. अकरा मुद्दे निघाले. तपासनीस सज्जन होता, प्रत्येक मुद्दा त्याने जागेवर बोट ठेवून दाखवला, त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याआधी भेटलेल्यांविषयी, आणि ती मी आज बोलून टाकणार आहे.

ज्यांच्याकडून सांगाडा घेतला त्यांनी पैसे पोचेपर्यंत दिवसातून दोनदा फोन केले. पैसे पोचले आणि सहा आठवडे फोन उचलला नाही. पुढची चाकं धरणाऱ्या आर्मचे दोन ब्रॅकेट उलटसुलट आले होते. चूक त्यांची, पण आठ रविवार गेले माझे. मग एका वर्कशॉपने "तपासणीपूर्व तपासणी" करून देतो म्हणून अडीचशे पौंड घेतले. त्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून झाकलं आणि "नक्की पास होईल" म्हणाला. डॅशबोर्डखाली त्याने मान घालूनसुद्धा पाहिलं नाही. अकरापैकी सात मुद्दे डॅशबोर्डखालचे आणि सीटच्या आजूबाजूचे होते. मला पैशांचं दुःख नाही. माझं काम त्याला दाखवताना माझा ऊर भरून आला होता आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं, ते अजून सलतं. आणि मित्रमंडळी! "एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड बीएमडब्ल्यू आली असती" हे वाक्य मी निदान वीस तोंडांतून ऐकलं असेल.

नापास झाल्यानंतर महिनाभर गॅरेजचं दारच उघडलं नाही. गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी तुमच्यासमोर विषय काढला. "याची गाडी नापास झाली बरं का." बाकीच्यांनी विचारलं, किती पैसे गेले, आता विकणार का. तुम्ही हातातला प्रसाद संपवलात, रुमालाला हात पुसले आणि विचारलंत, "चालू होते का?" मी म्हटलं, होते. "मग उद्या येतो. आवाज ऐकू दे."

तुम्ही आलात ते कापडी पिशवी घेऊन. मी नापासाचा कागद पुढे केला, तो तुम्ही घडी घालून बाकावर ठेवून दिलात. आधी गाडी चालू करायला लावलीत. डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, "इंजिन खूश आहे. चांगलं बसवलंयस." तीन वर्षांत माझ्या कामाविषयी कुणी उच्चारलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं, आणि ते अशा माणसाच्या तोंडून आलं, ज्याचा हात किर्लोस्करवाडीत घडला, जो १९७१ साली इथे आला आणि इथल्याच कॅनलीला ट्रायम्फ मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये उभा राहिला. तिथलं गाड्या जोडायचं काम १९८० मध्ये बंद पडलं, पण तुमच्या बोटांतून ते गेलेलं नाही.

बोटांचं सांगायलाच हवं. नियम असा की माणसाला लागू शकेल अशी बाहेरची कडा निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. आतल्या कडांचंही साधारण तसंच. मी डोळ्यांनी बघत होतो आणि डोळ्यांना सगळं गुळगुळीत दिसत होतं. तुम्ही नजर दुसरीकडे वळवून अंगठा फिरवत गेलात. डॅशच्या खालच्या कडेवरून, सीटच्या पट्ट्याच्या बोल्टवरून, आरशाच्या दांडीवरून. मध्येच अंगठा थांबायचा. "इथे." मी खडूने फुली मारायची. अकरा मुद्द्यांच्या पलीकडे आणखी नऊ फुल्या निघाल्या, तपासनिसालाही न दिसलेल्या. मग पिशवीतून कडेची गोलाई मोजायचं रेडियस गेज काढलंत, पानं झिजून चकचकीत झालेली, आणि एकेक फुली मोजली. अंगठा एकदाही चुकला नव्हता.

मला वाटलं, आता काका कानस हातात घेतील. मी ती पुढेही केली. तुमच्या हाताने दोन संध्याकाळींत सगळं झालं असतं. तुम्ही ती घेतली नाहीत. "हौशी माणसाने स्वतः बांधली असं लिहून दिलंयस ना? सही तुझी आहे. हातही तुझाच पाहिजे." आणि बाकावरची उजेडाची बॅटरी उचललीत.

मला आभार मानायचे आहेत ते या बॅटरीसाठी. बाकी सगळं नंतर.

पाच संध्याकाळी तुम्ही बॅटरी धरून उभे होतात. मी डॅशखाली पाठीवर पडलेला, अंगात दोन स्वेटर, तोंडावर पत्र्याचा कीस पडतोय, आणि तुम्ही बाजूला वाकून उजेड धरलेला. काका, ज्याने कधी अडचणीच्या जागी काम केलंय त्यालाच कळेल, चांगला उजेड धरणं म्हणजे काय ते. बहुतेक जण आपल्याला जे बघायचंय तिथे उजेड पाडतात. थोड्या वेळाने हात भरून येतो, उजेड खाली सरकतो, मग ते गप्पा मारायला लागतात आणि उजेड भिंतीवर जातो. तुमचा उजेड माझी नजर वळायच्या आधी तिथे पोचलेला असायचा. मी कानस डावीकडे नेणार हे माझ्याआधी तुमच्या मनगटाला कळत होतं. माझ्या हाताची सावली कामावर पडू नये म्हणून तुम्ही बॅटरी खांद्यामागून आणायचात. पाच संध्याकाळींत एकदाही मला "जरा इकडे" म्हणावं लागलं नाही. आणि या वयात वाकून उभं राहून तुमची कंबर किती दुखत असेल हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. नंतर काकूंनी फोनवर सांगितलं, रात्री शेक घेत होतात म्हणून.

आमच्याकडे कोल्हापुरात, उद्यमनगरच्या शेडमध्ये, वडील काम करायचे आणि दिवा मी धरायचो. ते पोराटोराचं काम. हात हलला की "उजेड!" एवढाच शब्द यायचा. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस माझ्यासाठी पोराच्या जागी उभा राहिला. तुम्ही मला शिकवत होतात आणि शिकवताय असं एकदाही वाटू दिलं नाहीत. जिथे माझा हात जास्त दाबत होता तिथे फक्त उजेड किंचित हलायचा. मी थांबायचो, बघायचो, कळायचं.

स्टिअरिंगचा मुद्दाही तुम्हीच सोडवलात. गाडी गोलात फिरवून हात सोडले की स्टिअरिंग आपलं आपण मधल्या जागेकडे वळायला हवं. माझं वळत नव्हतं. इतक्या हलक्या गाड्यांचं हे नेहमीचंच दुखणं. मी टायरमध्ये हवा वाढवायच्या नादात होतो, कारण सगळे तेच सांगतात. तुम्ही म्हणालात, सायकल आठव. पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती हात सोडून सरळ जाते, तो उभा केला तर गेलीच. मग वरच्या आर्मचे वायसर इकडून काढून तिकडे घालायला लावलेत, वरचा सांधा मागे सरकवलात. कॅस्टर, म्हणजे हाच तिरकेपणा, वाढला. बाहेरच्या रस्त्यावर नाही नेता येत, म्हणून घरासमोरच्या फरशीवर पुढेमागे करून बघितलं, आणि स्टिअरिंग माझ्या बोटांखालून स्वतःहून सरकलं. तुम्ही मान हलवलीत आणि थर्मास उघडलात.

त्या चहावर तुम्ही सेव्हनची गोष्ट सांगितलीत. १९५७ साली आलेली गाडी. तयार मोटारीवर तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक पेट्या भरून गाडी घरी नेत. ही सूट हवी तर जोडायच्या सूचना बरोबर देता येत नसत, म्हणून कंपनी गाडी सोडवायच्या सूचना देई आणि लोक त्या उलट्या वाचत. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. सेव्हन बांधायचे हक्कही त्याच वर्षी कॅटरहॅम कंपनीकडे गेले. इथे आलात तेव्हा दर शनिवारी कुठल्यातरी गल्लीत उघड्या गॅरेजमध्ये कुणीतरी वाकलेलं दिसायचं, असं म्हणालात. तुम्हालाही एक बांधायची होती का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. आता विचारतोय.

त्याच संध्याकाळी देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचा विषय निघाला. तुमच्या किर्लोस्करवाडीपासून ते गाव फार लांब नाही. त्यांनी भंगारातून, मुलासाठी, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली होती. आनंद महिंद्रांनी ती बदल्यात घेऊन त्यांना बोलेरो दिली, २०२२ च्या जानेवारीत. अशी गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या तिला कुणीतरी अडवणारच, हे महिंद्रांनी आधीच लिहिलं होतं. देणाऱ्याने मनापासून दिलं, घेणाऱ्याच्या घरी आनंद झाला, मलाही झाला. तरी माझ्या पोटात कालवलं. त्या माणसाला अकरा मुद्द्यांचा एक कागद मिळायला हवा होता, की हे हे नीट कर आणि पुन्हा आण. आणि कागद घरी नेल्यावर बाजूला बॅटरी धरणारा कुणीतरी. आपल्याकडे हात कमी नाहीत हो काका. किर्लोस्करवाडीने, उद्यमनगराने किती हात घडवले! त्या हातांकडे आदराने बघणारी माणसं मात्र कमी पडतात. दुसऱ्याचं अर्धवट काम बघून त्याच्या हातातलं हत्यार काढून न घेणं हा फार मोठा चांगुलपणा आहे, आणि तो मी घरात, कचेरीत, शाळेत फार थोड्या ठिकाणी पाहिला.

मंगळवारी तपासनीस तोच होता. डॅशखाली त्याने बोटं घातली आणि कडेवरून हळूहळू फिरवली. माझ्या पोटात गोळा आला. तो काही बोलला नाही, पुढे गेला. आवाज नव्याण्णव डेसिबलच्या आत बसला. स्टिअरिंग सोडलं, फिरून जागेवर आलं. आता पुढच्या कागदांचं काम उरलंय. जुन्या माझ्दाच्या वयाचा नंबर मिळेल, म्हणजे तिचं वर्ष दाखवणाऱ्या 'आर' अक्षराचा.

संध्याकाळी वडिलांना फोनवर इंजिन ऐकवलं. त्यांना हल्ली फार दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. मी सगळं सांगत होतो, अडीच मिलिमीटर, वायसर, पाच संध्याकाळी. ते मध्येच म्हणाले, "डॅशखाली काम केलंस म्हणतोस. उजेड कुणी धरला?" मी तुमचं नाव सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि फोन लावून दे एकदा."

तेव्हा शनिवारी सकाळी दहाला मी येतोय. गाडी नंबर आल्यावर आणीन, या वेळी बसनेच. तुमचं गेज माझ्या बाकावर राहिलंय, ते पुसून तेल लावून ठेवलंय, घेऊन येतो. कोल्हापूरहून आलेला भडंगाचा डबा काकूंसाठी आहे. वडील तिकडे तेव्हा जागेच असतात, आपण तुमच्या घरूनच फोन लावू.

तुमचा,
गॅरेजवाला