पेन्सिलनं लिही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री बॅग भरता भरता तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "आई, मी कॉमर्सवाली. तिथे सगळे पीएच.डी. झालेले. मी जाऊन काय दिवे लावणार?" मी विषय बदलला, कारण चटकन उत्तर सुचलं नाही. रात्री झोपही लागली नाही. म्हणून हे लिहितेय. विमानात वाच.

तुम्हा स्वयंसेवकांना आलेली माहिती तुझ्याआधी मीच दोनदा वाचून काढली, हे तुला आता सांगते. कॅनडातल्या त्या चर्चिल गावाला रस्ताच जात नाही, एक तर रेल्वे नाही तर विमान, हे वाचून पोटात गोळा आला होता. गावापासून वीसेक किलोमीटर लांब, जिथून एके काळी रॉकेटं सोडत त्या जागेवर संशोधन केंद्र, समोर गोठलेला हडसनचा उपसागर, आणि तू जाणार ती भर फेब्रुवारीत. गावातले लोक म्हणे गाड्यांची दारं कुलूप न लावता ठेवतात, अचानक अस्वल समोर आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून. त्या वेळी बहुतेक पांढरी अस्वलं समुद्राच्या बर्फावर सील पकडायला गेलेली असतात, हेही वाचलं. पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. पहारा देणाऱ्याची हद्द ओलांडून एक पाऊलही टाकायचं नाही.

मग मी तुमचं काम काय ते वाचायला घेतलं आणि भीती जरा मागे पडली. बर्फात खड्डा खणायचा, थेट जमीन लागेपर्यंत. सावलीतली भिंत फावड्यानं तासून सरळ करायची. जमिनीपासून वर दर दहा सेंटिमीटरला थर्मामीटर खुपसून तापमान घ्यायचं. ठरावीक मापाच्या डब्यानं बर्फ कापून काट्यावर तोलायचा, म्हणजे घनता निघते. थर किती, कोणता कडक, कोणता भुसभुशीत, ते लिहायचं. चिमूटभर कण काळ्या पट्टीवर घेऊन भिंगातून बघायचे, आणि बघताना श्वास रोखायचा, नाहीतर बघायच्या आतच ते वितळतात. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट खड्ड्याच्या तळाशी आहे. वर हवा उणे तीस असली तरी बर्फाखालची जमीन तिच्यापेक्षा कितीतरी उबदार असते. त्या फरकामुळे खालच्या थरातली वाफ वर सरकते आणि तळाचे कण मोठे, खरखरीत, साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. बर्फ म्हणजे जमिनीवरची दुलई, आणि ती विरली की जाड झाली हे तुम्ही मोजणार.

ती मोजायची का, तर खाली पर्माफ्रॉस्ट आहे. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शून्याखाली राहिलेली जमीन. उत्तरेच्या त्या गोठलेल्या मातीत, आज वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन अडकलेला आहे, माती वितळली की सुटणारा. दुलई जाड झाली तर हिवाळ्याची थंडी जमिनीपर्यंत पोचत नाही, पातळ झाली तर पोचते. उपग्रहाला वरून बर्फ दिसतो, पण तळाच्या दाण्यांपर्यंत जायला फावडं आणि माणूसच लागतो. संशोधक असतात चार-दोन, खड्डे मात्र त्याच जागी, त्याच दिवसांत, वर्षानुवर्षं खणायचे असतात. म्हणून तुम्ही.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते. नर्सिंग संपवून मी पहिल्या नोकरीवर लागले, त्या महिन्यातली गोष्ट. नाईट ड्यूटी होती. पहाटे चारचा टीपीआर घ्यायचा होता, म्हणजे ताप, नाडी, श्वास. खिडकीजवळच्या खाटेवरची बाई गाढ झोपली होती. आधीचे तिन्ही आकडे अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तिला कशाला उठवायचं, असं म्हणून मी चार्टवर चौथ्यांदा तोच आकडा लिहिला. नाडीसुद्धा मनानंच लिहिली. सकाळी सात वाजता आमच्या सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ताप एकशे दोन होता. बाई पुढे बरी झाली, पण तिचं औषध तीन तास उशिरा सुरू झालं ते माझ्या त्या आकड्यामुळे. सिस्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चार्ट कोरा असता तर मी विचारलं असतं. तू लिहिलंस म्हणून डॉक्टरांनी विश्वास ठेवला." अजून तो चार्ट डोळ्यांसमोर आहे, निळ्या शाईचा एक टिंब आणि त्याला जोडणारी सरळ रेघ.

तुझ्या हातात तसाच चार्ट येणार आहे, मुक्ता. बोटं बधिर झालेली असतील, वारा तोंडावर येत असेल, सहावा खड्डा असेल आणि आधीच्या पाचांत जवळपास सारखेच आकडे निघालेले असतील. तेव्हा सहाव्यात थर्मामीटर पूर्ण स्थिर होईपर्यंत थांब. वाचता आला नाही तर रकान्यात "वाचता आलं नाही" असं लिही. चुकीचं वाटलं तर खोडू नकोस, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिही, आधीचा दिसू दे. एखादा आकडा विचित्र निघाला तर पुन्हा मोज, आणि पुन्हा तोच आला तर तोच लिही. अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात १९५० च्या दशकापासून माणसं एकाच प्रकारच्या उपकरणानं ओझोन मोजत आली. वसंतातले आकडे घसरत चालले तेव्हा आधी उपकरणाचीच शंका घेतली गेली, मग दुसरं उपकरण नेऊन पडताळलं, आणि १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी ते जगासमोर मांडलं. उपग्रहाकडूनही तसेच कमी आकडे येत होते, पण ते अविश्वसनीय म्हणून तपासायला बाजूला ठेवलेले होते. दोनच वर्षांनी ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला. इतकं सगळं रोजच्या वहीतल्या नोंदींवर उभं राहिलं.

आणि तुझ्या "कॉमर्सवाली"बद्दल. १९६१ साली अंटार्क्टिकावरच्या नोवोलाझारेवस्काया या सोव्हिएत केंद्रात लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. वय सत्तावीस, सगळ्या तुकडीत तो एकटाच डॉक्टर, बाहेर वादळ. त्यानं जागा बधिर करून स्वतःच्या पोटावर स्वतःच शस्त्रक्रिया केली. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढूनही मला हे वाचताना शहारे येतात. त्याला अवजारं देणारा हवामानाच्या नोंदी घेणारा होता आणि आरसा धरणारा मेकॅनिक. त्या दोघांनी आधी कधी शस्त्रक्रिया पाहिलीही नसेल. काय धरायचं ते त्यानं त्यांना समजावलं आणि त्यांनी जवळपास दोन तास ते धरून ठेवलं. तुलाही तिथे गेल्यावर शिकवतील. न समजलं तर दहा वेळा विचार, लाजू नकोस.

आता थोडं नर्सचं ऐक. आतल्या कपड्यांत सुती काही नको, घाम आला की ते ओलं राहतं आणि अंग गार पडतं. खणताना एक थर उतरव, थांबलीस की लगेच चढव. जोडीदारीण ठरवून घ्या आणि दर थोड्या वेळानं एकमेकींचं नाक, गाल, कानाच्या पाळ्या बघा. पांढरा, मेणासारखा डाग दिसला आणि तिथे काही जाणवत नसेल तर चोळायचं नाही, बर्फानं तर मुळीच नाही. आडोशाला जाऊन उबदार तळहात त्यावर ठेवायचा. उघड्या हातानं धातूला शिवू नकोस. तहान लागली नाही तरी पाणी पी. फोनची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव. मी आयुष्यभर फॅरनहाइट वाचत आले, तुला तिथे सगळं सेल्सिअसमध्ये मिळेल. पारा उणे चाळीसवर गेला तर मात्र दोन्ही एकच, तेव्हा तुझा आकडा मला न बदलता कळेल.

बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सहा पेन्सिली आणि शार्पनर ठेवलाय. पेनाची शाई तिथे गोठते. पेन्सिलींना दोरा बांधलाय, जाड हातमोज्यांतून निसटली तर बर्फात सापडायची नाही.

रोज फोन करू नकोस, केंद्राच्या कामात अडथळा नको. पोचलीस एवढं कळव. आणि पहिला खड्डा खणलास की त्याची खोली किती निघाली ते लिही, तळाला साखरेसारखे दाणे दिसले का तेही.

तुझी,
आई